शेटलंडची जुनी लाकडी होडी घेतलीत? मग या चुका टाळा

एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनहून, नॉर्वेच्या स्टॅव्हेंजरहून, कधी इथल्याच, शेटलंडच्या लरविक गावातून. तेलाच्या धंद्यामुळे उत्तर समुद्राच्या दोन्ही काठांवर मराठी माणसं बरीच आहेत आणि त्यांतल्या काहींना जुन्या होड्यांचा नाद लागतो. नाद चांगलाच आहे. पण दरवर्षी प्रश्न तेच, आणि प्रश्न विचारण्याआधी करून ठेवलेले उद्योगही तेच. मी इथे वल्हवणाऱ्यांच्या एका क्लबच्या होड्या सांभाळतो. दर हंगामात कुणीतरी हौसेने बिघडवलेली होडी आमच्या दारात येते, तेव्हा खरंच जीव तुटतो. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतो आहे.

आधी होडी समजून घ्या. शेटलंड ही स्कॉटलंडच्या उत्तरेला, ६० अंश अक्षांशावरची बेटं. होडी बांधण्याजोगं झाड इथे उगवत नाही. त्यामुळे लाकूडच काय, कित्येक शतकं तयार होडीच नॉर्वेहून यायची. तिथल्या बर्गन शहराच्या दक्षिणेकडचे कारागीर ती बांधायचे, फळ्या सुट्या करून जहाजावर चढवायचे आणि इथे ती पुन्हा जोडली जायची. १४६९ मध्ये ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण गेली, तरी होड्यांचा व्यवहार चालूच राहिला. १९व्या शतकात इथली बांधणी वाढली, पण घाट तोच राहिला. दोन्ही टोकं निमुळती, फळ्या पातळ आणि रुंद, फासळ्या मोजक्या, आणि प्रत्येक वरची फळी खालच्या फळीवर कौलासारखी चढवलेली. चार वल्ह्यांची ती फोरारीन, सहा वल्ह्यांची मोठी ती सिक्सारीन, आणि दक्षिण टोकाकडच्या डनरॉसनेसची नि फेअर आयल बेटाची सडपातळ ती योल. नॉर्डिक देशांची ही चढत्या फळ्यांची बांधणी २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. त्या यादीत शेटलंडचं नाव नाही, पण घराणं तेच.

ही होडी लवचिक असावी म्हणूनच अशी बांधलेली असते. लाटेवर चढताना फळ्या जराशा हलतात, फासळ्या वाकतात आणि परत जागेवर येतात. तळावर पाय दिला की तो दबल्याचं जाणवतं. नवख्या माणसाला हा कमकुवतपणा वाटतो आणि तो तिला घट्ट करायला निघतो. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

फटी दिसल्या की बुजवायला धावणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि दरवर्षी होते.

होडी हिवाळाभर, किंवा कुणाच्या गोठ्यात वर्षानुवर्षं पडून राहिली की लाकूड सुकतं, फळ्या आक्रसतात आणि जिथे एक फळी दुसरीवर चढते तिथे फट पडते. आतून पाहिलं तर उजेड दिसतो. तो दिसला की माणूस घाबरतो आणि दुकानात जाऊन सिलिकॉनच्या नळ्या किंवा इपॉक्सीचे, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या गोंदाचे, डबे घेऊन येतो. पण ही फट म्हणजे लाकूड कोरडं असल्याचं लक्षण आहे, ते मोडल्याचं नाही. पाणी मिळालं की फळी फुगते आणि फट आपोआप मिटते. तिथे तुम्ही कडक काही भरून ठेवलंत, तर फुगणाऱ्या फळीला जायला जागाच उरत नाही. मग ती खिळ्यांना ओढते, खिळ्याशेजारी चिरते, नाहीतर फासळी मोडते.

हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ओळखीतल्या एका तरुण इंजिनिअरने एक फोरारीन घेतली. सुंदर होडी, जुन्या लार्चच्या लाकडाच्या फळ्या, एकही गाठ वाईट जागी नाही. कित्येक वर्षं छपराखाली राहिल्याने ती चांगलीच सुकली होती. जूनमधल्या रेगाटाच्या, म्हणजे होड्यांच्या शर्यतींच्या, आधी ती पाण्यात जायलाच हवी असा त्याचा हट्ट. थांब म्हणून सांगितलं, भिजव म्हणून सांगितलं. त्याने इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून सगळ्या फटी भरल्या, पॉलिश पेपर मारला, वरून रंग दिला. पहिल्या दिवशी होडी पाण्यात टाकली तर आत थेंब नाही. त्याने मला फोटो पाठवले, आणि ते पाहूनच मला काळजी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी पाणी यायला लागलं, आणि तेही जिथे फटी होत्या तिथून नव्हे. कण्यापासून, म्हणजे होडीच्या तळाच्या मधल्या लांब तुळईपासून, दुसऱ्या फळीत खिळ्यांच्या रांगेतून सरळ चीर गेली होती. खिळ्यांच्या आतल्या टोकांवरच्या तांब्याच्या टोप्या लाकडात इतक्या रुतल्या होत्या की बोट फिरवलं तर प्रत्येक खिळ्यापाशी खळगा लागत होता. मधली एक फासळी तडकली होती.

आम्ही तिला ओढून वर घेतली आणि एका वयस्क कारागिरांना बोलावलं. आयुष्यभर योली बांधलेले गृहस्थ. त्यांनी खिशातला चाकू काढून त्याचं पातं दोन फळ्यांच्या मधे घालून पाहिलं. ते गेलं नाही. तीन-चार ठिकाणी पाहिलं, कुठेच नाही. मग म्हणाले, "फळी काढावी लागेल." बास, तेवढंच. भिजवलं असतं तर आठवडा-दोन आठवड्यांत मिटणारं काम होतं. त्याऐवजी दोन फळ्या नव्या घातल्या आणि एक फासळी बदलली. इपॉक्सी तासून काढताना उरलेल्या फळ्यांच्या कडाही गेल्या, म्हणून त्या जागी लार्चचे तिरके सांधे द्यावे लागले. सगळा हिवाळा त्यात गेला. रेगाटा तर गेलाच.

माझी पद्धत अशी. पाण्यात जायच्या दहा-बारा दिवस आधी होडीत जुनी गोणपाटं अंथरायची, फळ्यांच्या कडांपर्यंत वर ओढून घ्यायची आणि रोज संध्याकाळी त्यांवर समुद्राचं पाणी शिंपडायचं. वाऱ्यात गोणपाट कोरडं पडू द्यायचं नाही. मग एखाद्या व्होमध्ये, म्हणजे इथल्या निमुळत्या खाडीत, मऊ वाळू असेल तिथे ओहोटीला होडी ठेवायची. वल्ही, तळाचे पाटे, सुटं सगळं काढून घ्यायचं. आत वाळूची काही पोती ठेवायची आणि तळाचं बूच, ज्याला इथे नाइल म्हणतात, काढून टाकायचं. भरती आली की पाणी आत येतं, ओहोटीला निघून जातं. आत-बाहेर पाण्याची पातळी एकच राहते, म्हणून कुठेही ताण येत नाही. आठवडाभर हे चालू द्या. त्यानंतरही जिथून पाणी येतं तेवढीच जागा दुरुस्तीची असते, आणि ती बहुधा एखादा ढिला खिळा असते.

यातून निघणारी दुसरी चूक म्हणजे ट्रेलरवर उभी असलेली होडी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरणं. असं कधीही करू नका. होडी बाहेरून येणारा दाब झेलते. आतलं टनभर पाणी झेलायला तिला बाहेरून आधार नसतो, आणि फळ्या खिळ्यांवरून निघू बघतात.

कोकणातून आलेल्या मित्रांना आणखी एक सांगतो. आपल्याकडे काठाला काठ भिडवलेल्या फळ्यांच्या होड्या असतात आणि त्यांच्या सांध्यात कापूस ठासतात. ते काम उत्तम आहे, पण ते त्या होड्यांचं. एकमेकींवर चढलेल्या फळ्यांच्या मधे कापूस ठासलात तर तुम्ही स्वतःच पाचर मारून त्या दूर करताय.

पावसाचं पाणी साचू देणं, आणि त्यावरचा उपाय म्हणून होडी गुदमरवणं

समुद्राचं पाणी लाकडाला मारत नाही. मारतं ते पावसाचं. मीठ कुजवणाऱ्या बुरशीला रोखतं, गोडं पाणी तिला पोसतं. इथला पाऊस कोकणासारखा चार महिने कोसळून थांबत नाही, वर्षभर रिपरिपतो. उघड्या होडीत तो साचतो तो नेमका दोन जागी: टोकांच्या आतल्या कोपऱ्यांत आणि कण्याला लागून असलेल्या फळीवर. त्याच जागा बदलायला सगळ्यांत अवघड.

मग लोक निळी ताडपत्री आणतात आणि दोरीने होडीला गच्च आवळून टाकतात. आत दमट हवा कोंडते. एप्रिलमध्ये ताडपत्री उचलली की जो उबट, आंबूस वास येतो, तो एकदा घेतलात तर विसरणार नाही. माझ्या मते अशा कोंडलेल्या होडीपेक्षा उघडी होडी बरी, निदान वारा तरी लागतो. मी मधोमध एक लांब काठी उभारतो, तिच्यावरून कापडी ताडपत्री तंबूसारखी टाकतो आणि दोन्ही टोकं उघडी ठेवतो. नाइल काढलेलं असतं, होडी त्या बाजूला किंचित उतरती असते, आणि तळाचे पाटे, म्हणजे टिलफर, काढून घरात ठेवलेले असतात. पाट्यांखाली पानं, माती, खवले साचतात आणि तिथेच ओल धरते. पाटे उचलायचा कंटाळा करणाऱ्यांनी लाकडी होडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी आणखी एक करतो. पाऊस पडून गेला की होडीत दोन-तीन बादल्या समुद्राचं पाणी ओततो आणि काढून टाकतो. बघणाऱ्यांना विचित्र वाटतं, पण जुने लोक करायचे आणि त्यांच्या होड्या टिकल्या.

हिवाळ्यात होडी जागेवर न बांधणं

ट्रेलरवर ठेवून निघून जाणारे लोक इथला वारा ओळखत नाहीत. इथे किनाऱ्यावर जागोजागी होडीच्या आकाराचे खळगे दिसतात, कडेला दगड रचलेले. त्याला नूस्ट म्हणतात. होडी त्यात बसवायची, दोन्ही बाजूंनी दोर टाकायचे आणि ते जड दगडांना बांधायचे. योल इतकी हलकी असते की वादळात ती खरोखर उचलली जाते आणि दुसऱ्याच्या शेतात तुकडे सापडतात. तुमच्याकडे नूस्ट नसेल तर भिंतीच्या आडोशाला पालथी घाला, खाली ठोकळे द्या म्हणजे हवा खेळेल, पण दोर हवेतच. नायलॉनची बारीक दोरी चालत नाही, ती काठाला कापते.

हातोडा जोरात मारणं

ढिला खिळा बदलायचा प्रसंग प्रत्येकावर येतो. बाहेरून तांब्याचा चौकोनी खिळा, आतून त्यावर तांब्याची छोटी टोपी, मग खिळ्याचं टोक जरासं ठेवून कापायचं आणि ते ठोकून टोपीवर पसरवायचं. हे दोघांचं काम आहे. बाहेर एकाने खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, आतल्याने ठोकायचं.

एकट्याने उरकायला जाणारा माणूस जड हातोडा घेतो आणि चार दणके देतो. बाहेरून सगळं झकास दिसतं. पण मऊ तांबं त्या दणक्यांनी लाकडाच्या आत वाकतं. होडी लाटेवर हलायला लागली की तो वाक सरळ होऊ बघतो, तेवढी लांबी ढिली पडते आणि सांधा पुन्हा गळतो. हलका, गोल डोक्याचा हातोडा घ्या आणि टिकटिक टिकटिक ठोकत राहा. आवाज बदलतो. सुरुवातीला बोदा येतो, टोपी बसली की भरीव येतो. तो आला की थांबा. टोपी लाकडात रुतायला लागली म्हणजे तुम्ही जास्त ठोकलंत. आमच्याकडे नवीन माणसाला मी आधी दोन टाकाऊ फळ्यांच्या तुकड्यांवर खिळे मारायला लावतो, मग ते तुकडे करवतीने उभे कापून आतला खिळा दाखवतो. स्वतःचा वाकलेला खिळा पाहिला की हात आपोआप हलका होतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

नाइल बसवायचं विसरून होडी पाण्यात ढकलणं. ते दोरीने होडीलाच बांधून ठेवा, आणि ढकलण्याआधी हाताने चाचपा.

लोखंडी स्क्रू. ओकच्या लाकडातल्या आम्लाने आणि खाऱ्या पाण्याने ते सडतात आणि भोवतीचं लाकूडही काळं करून खातात. पितळही खाऱ्या पाण्यात ठिसूळ होतं. तांबं किंवा ब्राँझच वापरा.

बाहेरून फायबरग्लास चढवणं. आतली ओल कोंडते आणि होडी आतून कुजते. बहुतेक वेळा तो त्या होडीचा शेवटचा हंगाम ठरतो.

दोन डबे एकत्र कालवून लावायचा कडक रंग. फळ्या हलतात, रंग हलत नाही, तडे जातात आणि तड्यांतून पाणी रंगाखाली शिरतं. बाहेरून साधा तेलरंग द्या, आतून जवसाचं तेल आणि पाइनचं डांबर. हे डांबर झाडाच्या लाकडापासून काढतात. रस्त्याच्या डांबराशी त्याचा काही संबंध नाही, आणि तेही लावून आणलेली होडी मी पाहिली आहे.

होडी दगडांवरून फरफटवणं. इथे लिन म्हणून आडवे लाकडी ओंडके टाकतात, पूर्वी देवमाशाची हाडंही वापरत, आणि त्यावरून होडी सरकवतात. ओंडक्यांना चरबी किंवा साबण फासा. चार माणसं मिळेपर्यंत थांबा.

वल्ह्यांची जुनी व्यवस्था काढून फेकणं

याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हे लोक सुधारणा म्हणून करतात. जुन्या होडीत काठावर एक लाकडी खुंट असतो, केब. त्याला दोराचं किंवा चामड्याचं कडं असतं, हम्लीबांड. वल्हं त्या कड्यातून जातं आणि खुंटाला टेकतं. नव्या मालकाला हे जुनाट वाटतं. तो काठाला भोकं पाडून धातूची कडी बसवतो. त्या भोकांतून काठाच्या लाकडात पाणी मुरतं, हे झालंच. पण खरं नुकसान वेगळं आहे. हम्लीबांडमुळे वल्हं हातातून सोडलं तरी हरवत नाही, होडीच्या बाजूला तरंगत राहतं. मासे धरणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात. जुन्या योलीत तिघेजण प्रत्येकी दोन वल्ही मारायचे. गळाला मासा लागला की वल्ही सोडायची, दोरी ओढायची, पुन्हा वल्ही धरायची. शिवाय ही व्यवस्था आवाज करत नाही आणि मोडली तर किनाऱ्यावरच्या लाकडातून नवीन खुंट तासता येतो. कडं झिजलं की हंगामाच्या सुरुवातीला बदला, त्यावर चरबी चोळा. बाकी काही करायला लागत नाही.

होडी दुरुस्त झाली म्हणून समुद्र ओळखीचा झाला असं समजणं

होडी कोरडी राहायला लागली की मालकाला व्होच्या बाहेर जावंसं वाटतं. इथे मी कडक होतो. सिक्सारीन घेऊन इथली माणसं किनाऱ्यापासून ३०-४० मैल बाहेर जायची, लांब दोऱ्यांवर लिंग आणि कॉड जातीचे मासे धरायला. त्या खोल समुद्रातल्या मासेमारीला हाफ म्हणत. ती माणसं लहानपणापासून त्याच पाण्यात वाढलेली, होड्या उत्तम, तरीही २० जुलै १८८१ च्या वादळात १० होड्या आणि ५८ माणसं गेली. त्यांतली बहुतेक येल बेटावरच्या ग्लूपची, आणि तिथे आज त्यांचं स्मारक आहे. महिना जुलै होता, भर उन्हाळ्याचा. दक्षिणेला संबराच्या टोकापाशी भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांवर आदळतात, त्याला रूस्ट म्हणतात. वारा पडलेला असतानाही तिथे लाटा उभ्या राहतात. योल याच पाण्यासाठी घडली, पण ती वल्हवणारे त्या प्रवाहाचा तास अन् तास ओळखत होते. तुम्ही दोन उन्हाळे व्होच्या आत काढा. स्थानिक माणसाला बरोबर घेतल्याशिवाय टोकाच्या पलीकडे जाऊ नका. लाइफजॅकेट नसलेल्या माणसाला मी होडीत पायही ठेवू देत नाही, मग तो कितीही पोहणारा असो. इथलं पाणी उन्हाळ्यातही हात बधिर करतं.

न तपासता विकत घेणं

ज्यांनी अजून होडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी हे सगळ्यांत कामाचं. नवीन रंग दिलेली होडी पाहून भुलू नका, उलट ताज्या रंगाचा संशय घ्या. सोबत एक छोटा चाकू न्या आणि मालकाला विचारून दोन्ही टोकांच्या आतल्या कोपऱ्यांत, बैठकांच्या फळ्या काठाला टेकतात तिथे खालून, आणि कण्यालगतच्या फळीत टोक दाबून पाहा. चांगलं लाकूड अडवतं, कुजलेल्यात टोक चीजमध्ये जावं तसं जातं. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर कधीतरी कुणीतरी लोखंड वापरलंय. फळ्यांच्या मधल्या फटी नखाने तपासा, आत काही कडक भरलेलं लागलं तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा. मोकळ्या फटी दिसल्या, उजेड दिसला, तळाला धूळ आणि कोळ्याची जाळी दिसली तर घाबरू नका. अशी होडी खुशाल घ्या, आणि गोणपाटं गोळा करायला लागा.